पायऱ्यांचा समुद्र

पत्रात सगळं नेहमीचं होतं. ऑफिस, खानावळीचं जेवण, आत्याकडे जाऊन आल्याचं. फक्त शेवटून दुसरी ओळ वेगळी होती. 'रविवारी येतो तेव्हा आपले फोटो बाहेर मोकळ्यावर काढू. कॅमेरा आणतो. जागा तू निवड. जरा मोठ्या शहरातल्या वाटतील अशा.' ते निळं आंतर्देशीय मी स्वयंपाकघराच्या दारात वाचत होते. आत अव्वा, माझी आई, भाकरी थापत होती. तिच्या तळव्यांचा आवाज एका लयीत चालू होता, आणि मी ती ओळ पुन्हा वाचली. जागा तू निवड. एकवीस वर्षांत मला कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं, डाळ-तांदूळ तेवढे. नवरासुद्धा अप्पांनी निवडला होता, आणि चांगला निवडला होता. शिवयोगी मूळचे करमाळ्याचे, मुंबईला विमा कंपनीत. त्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. आज लिहिताना घेते आहे, कारण 'आमचे हे' म्हणत राहिले तर मी पुन्हा त्यांच्याआड उभी राहीन, आणि ही गोष्ट त्यांची नाही, माझी आहे.

साल चौऱ्याहत्तर, चैत्र. साखरपुडा करमाळ्याला त्यांच्या घरी झाला होता, लग्न वैशाखात होतं. साखरपुड्याच्या दिवशी माझ्या फोटोग्राफर काकांना दुसरीकडचं लग्नाचं काम होतं, त्यामुळं आमचे फोटो राहून गेले होते. तेच आता काढायचे. मी जागा शोधायला निघाले. नव्या पेठेत ब्लाउजचं अस्तर आणायचं निमित्त केलं, चाटी गल्लीत परकराच्या नाडीचं केलं, आणि दोन दिवस त्या एका ओळीतून आमचं सोलापूर बघत हिंडले. तोवर मी ते कधी बघितलंच नव्हतं. आता सगळीकडं मला नको असलेलं दिसायला लागलं. बाळीवेशीतला नळ आणि त्याच्यापुढची घागरींची रांग. ओट्यावर मांडीत सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, त्यांची तेलुगूतली भांडणं. बोळाबोळातून मागांची खटखट. गिरणीच्या चिमण्या तर कुठंही उभं राहिलं तरी मागून डोकं वर काढायच्या. हे नको, तेही नको, असं करत करत शहर वजा होत गेलं. उरलं ते एवढंच: इंद्रभुवनची नक्षीदार पुढची बाजू, किल्ल्यातली बाग, कंबर तलावाची एक कड आणि स्टेशनचा पूल. प्रत्येक जागी मी दोन्ही हातांची बोटं जुळवून चौकट करायची, एक डोळा मिटून त्यातून बघायची. टांग्यांचा अड्डा चौकटीत येतो का? येतो. मग दोन पावलं डावीकडं. इंद्रभुवनपुढं एक टांगेवाला म्हणाला, "काय गं पोरी, इमारत इकत घेतीस काय?" माझे कान तापले. पण त्या रात्री मला चार जागांची यादी पाठ झाली होती, आणि आपण कुणीतरी वेगळ्या आहोत असं वाटत होतं.

बोटांची ती चौकट मला काकांनी शिकवली होती. रुद्रप्पाकाका, अप्पांचे धाकटे भाऊ. बाळीवेशीत खाली सायकलचं दुकान, वर लाकडी जिना चढून काकांचा स्टुडिओ. काकांना मूलबाळ नव्हतं. चंद्रव्वाकाकी मला जेवायला वाढायची आणि काका मला जग दाखवायचे, असं म्हटलं तरी चालेल. जग म्हणजे त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली दिसणारं, काचेवर उलटं टांगलेलं. नवरा-नवरी वटवाघळासारखी छताला चिकटलेली दिसायची. मी खदखदून हसायची तेव्हा काका बाहेरून माझ्या पाठीवर चापटी मारायचे. "हसू नगंस जगव्वा. ते भ्यालेले अस्त्यात." दहाव्या वर्षापासून मी तांबड्या दिव्याच्या खोलीत त्यांच्याबरोबर उभी राहायला लागले. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा वास अजून माझ्या नाकात आहे. फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं भरायचं काम माझंच होतं. काका म्हणायचे, तुझा हात हलका हाय.

आणि पडदे. स्टुडिओत तीन पडदे होते: राजवाड्याचा जिना, कारंज्याची बाग आणि चांदण्यातलं तळं. तिन्ही काकांनीच रंगवलेले. मांजरपाट ताणायचा, त्याला खळ द्यायची, सरसात कालवलेले पावडरचे रंग लावायचे. बहुतेक राखाडीच, कारण फोटोत दुसरं काय येणार? रुद्रप्पाचे पडदे म्हणून अक्कलकोटपासून माणसं यायची. एखादा धनगर बायकोला घेऊन राजवाड्याच्या जिन्यापुढं ताठ उभा राहायचा, आणि काका त्याच्या मुंडाशाची घडी नीट करताना अगदी गंभीरपणे विचारायचे, "वर जायलाय का खाली उतरायलाय?" तो म्हणायचा, "वर." मग काका त्याचं एक पाऊल जरा पुढं घ्यायला लावायचे. एकदा मला म्हणाले, "जिथं माणूस कधी जायचा न्हाय, तितं त्येला उभं करायचं. एवढंच आपलं काम." मी नऊ वर्षांची असताना त्यांनी विचारलं होतं, "जगव्वा, तू लगीन ठरल्यावर कुठं उभारणार?" भिंतीवर कापडाच्या दुकानाचं एक कॅलेंडर होतं. मुंबईचा मरीन ड्राइव्ह, संध्याकाळचा, दिव्यांची वाकडी ओळ आणि पलीकडं समुद्र. मी बोट दाखवलं. "हितं." काका बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिले. मग ते कॅलेंडर त्यांनी वर्ष संपल्यावर फेकलं नाही.

काकांनी समुद्र बघितलेला नव्हता. सोलापूरच्या कितीशा माणसांनी बघितला होता तेव्हा? त्यांच्याजवळ ते एक कॅलेंडर होतं, आणि त्याचा खालचा भाग तारखांच्या गठ्ठ्यानं कायमचा झाकलेला होता. गठ्ठा उचकटला तेव्हा खाली कोरा पुठ्ठाच निघाला. त्यामुळं रस्ता दिसायचा, दिवे दिसायचे, लांबवरचं पाणी दिसायचं. पण जमीन संपून पाणी सुरू होतं तिथं काय आहे, ते काकांना कधीच कळलं नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्यासाठी मरीन ड्राइव्हचा पडदा रंगवायला घेतला. दुष्काळाचं साल. लग्नं पुढं ढकललेली, स्टुडिओत दिवसदिवस कुणी फिरकायचं नाही, नळाला चौथ्या दिवशी पाणी. सिद्धेश्वराचं तळं इतकं खाली गेलं की म्हाताऱ्या माणसांनीही न बघितलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या, चिखलानं लिंपलेल्या. काका रोज सकाळी तिथं जाऊन काठावर बसायचे. आणि वर येऊन समुद्र रंगवायचे. निळ्या रंगात. मी म्हटलं, "काका, निळा फोटोत पांढरट येतो, तुम्हीच सांगता." ते कुंचला धूत म्हणाले, "फोटोत येईना. तू तर बघशील की." पुढचं त्यांनी मला बघू दिलं नाही. पडदा गुंडाळून, सुतळीनं बांधून, वर आढ्याला टांगला. तुझ्या टायमाला सोडू म्हणाले.

आता माझी वेळ आली होती आणि मी चार जागांची यादी घेऊन त्यांच्यापुढं उभी होते. काका एका म्हाताऱ्याच्या निगेटिव्हवर पेन्सिलीनं सुरकुत्या कमी करत होते. मी सांगितलं की शिवयोगींना फोटो बाहेर काढायचे आहेत, त्यांचा स्वतःचा कॅमेरा आहे. काकी कोपऱ्यात शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "घरात चुलत्याचा स्टुडिओ, आन् पोरगी निघाली उन्हात. लोकं इचारतील, रुद्रप्पाला डोळं न्हाईत काय?" काकांनी मान वर केली नाही. "काढू दे की. नवीन रीत हाय." मग पेन्सिल ठेवून म्हणाले, "कुठं कुठं जायलाव?" मी जागा सांगितल्या. त्यांनी प्रत्येक जागेचं ऊन सांगितलं. इंद्रभुवनला नऊच्या आत, नाहीतर डोळ्यांखाली सावली पडते. तलावापाशी पाण्याकडं तोंड करू नका, डोळे बारीक होतात. पुलावर गाडी यायच्या वेळी नको, धूर येतो. मी नव्या वहीत ते सगळं लिहून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "आन् शेवटचा हितं. तेवढा माझ्याकडनं." मी हो म्हणाले. मनात आलं, इतक्या जागा फिरून झाल्यावर हितं यायचं म्हणजे... मनात काय आलं ते पूर्ण आठवत नाही, किंवा आठवायचं नाही.

रविवारी शिवयोगी आले. खाकी कातडी पिशवीत आग्फाचा कॅमेरा, बारा फोटोंचा रोल. आमच्याबरोबर काकी छत्री घेऊन निघाली, मागून चार पावलं अंतरावर. मी इरकल नेसले होते, हिरवं, चंदेरी काठाचं. शिवयोगी बोलके होते, हसवायचे. किल्ल्यातल्या बागेत त्यांनी एका माळ्याला कॅमेरा धरायला शिकवलं आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, तर काकी ओरडली, "जरा लांब उभारा की जावईबापू. लगीन व्हायचंय अजून." ते म्हणाले, "काकी, लांब उभारलो तर दोन फोटो लागतील." काकी छत्रीआड हसली, मला ऐकू येईल इतकं. तलावाच्या कडेला, पुलावर, इंद्रभुवनपुढं. प्रत्येक ठिकाणी मी त्यांना सांगायची, जरा इकडं, म्हणजे मागचं ते येणार नाही. "काय येणार नाही?" ते विचारायचे. मी म्हणायची, "ते." ते बघायचे आणि सरकायचे. एकदा म्हणाले, "तू अगदी मुंबईचीच आहेस." ती शाबासकी मी अंगभर घेतली. उन्हानं तोंड लाल झालं होतं आणि मला वाटत होतं, हे शहर माझं नाहीच, मी इथं फक्त जागा दाखवायला आले आहे.

अशा डोळ्यांनी मी तो जिना चढले. काकीचे गुडघे धरले होते, ती खाली सायकलच्या दुकानात बसली. काकांनी परीटघडीचा शर्ट घातला होता. कपाळावर ताजी विभूती. दिवे लावून ठेवले होते, खोली तापली होती. त्यांनी सुतळी सोडली आणि पडदा हळूहळू खाली सोडला. आधी आभाळ आलं, मग लांबचं पाणी, मग दिव्यांची वाकडी ओळ, प्रत्येक दिव्याला पिवळं वलय. इतकं निळं मी आमच्या शहरात कधी बघितलं नव्हतं. माझा श्वास थांबला, हे खरं आहे, आणि ते खरं होतं म्हणून पुढचं अजून वाईट आहे. मग पडदा पूर्ण उलगडला. मरीन ड्राइव्हच्या रस्त्यापासून दगडी पायऱ्या खाली समुद्रात उतरत होत्या. रुंद, झिजलेल्या, आमच्या तळ्याच्या घाटासारख्या. तिसऱ्या पायरीवर एक बारीकशी बाई धुणं आपटत होती. तिच्याशेजारी दोन घागरी. काकांनी विचारलं, "बरोबर आलाय का समुद्र? तुमी रोज बघताव." शिवयोगींनी ओठ आत घेतले. "अगदी हुबेहूब," म्हणाले. काकांचा चेहरा उजळला. मग ते 'सोडा घेऊन येतो, घामाघूम झालाव' म्हणत जिना उतरून गेले.

त्यांची पावलं खाली पोचेपर्यंत शिवयोगी थांबले. मग म्हणाले, "अगं, मरीन ड्राइव्हला घाट! आमच्या ऑफिसातले साहेब रोज सकाळी धोतर धुवायला येतात वाटतं." आणि ते हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. रोज समुद्र बघणारा माणूस हसेल तसे हसले. मला थांबता आलं असतं. नुसतं हसूनही भागलं असतं. पण सकाळपासून मी मुंबईची झाले होते, आणि मला ते अजून थोडं व्हायचं होतं. मी पडद्यापुढं गेले. इरकलचा पदर कमरेला खोचला, वाकले, आणि त्या रंगवलेल्या पायरीवर धुणं आपटल्याची नक्कल केली. दोन्ही हात वर नेऊन, धप्प, धप्प, तोंडानं आवाज काढत. "अगं ए जगव्वा, समुद्राला पाणी आलंय का गं?" मी काकीच्या आवाजात म्हणाले. काकीच्या आवाजात. शिवयोगी पोट धरून हसत होते. माझंही हसू अनावर झालं, तोंड उघडं पडलं, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या हातात कॅमेरा होता, हे मला माहीत होतं. त्याचं काय चाललं होतं ते माहीत नव्हतं. जिन्यावर बाटल्यांचा आवाज आला तेव्हा मी पदर सोडला. काकांनी गोळीचा सोडा फोडून दिला, आम्ही प्यालो. मग आम्हाला उभं केलं. शिवयोगींची कॉलर सरळ केली, माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला, आणि काळ्या फडक्याखाली गेले. किती वेळ ते बाहेर येईनात. आत आम्ही त्यांना उलटे दिसत असू, डोक्यावर समुद्र घेऊन. फडक्याआडून आवाज आला, "जरा हसा की जगव्वा. समुद्रावर आलायसा." मला हसता आलं नाही.

जाताना शिवयोगी रोल काढून खिशात ठेवायला लागले. दादरला धुवून घेतो म्हणाले. मीच थांबवलं. दिवसभर काकांना बाजूला ठेवलं याची टोचणी होती, म्हणून काहीतरी चांगलं करावं असं मला वाटलं. "काकाच धुतील की. घरात स्टुडिओ असताना बाहेर कशाला?" काकीचंच बोलणं मी वापरलं. काकांनी दोन्ही हात पुढं करून रोल घेतला. आम्हा लोकांत घरचं काम बाहेर दिलं तर तो अपमान असतो, आणि तो अपमान मी टाळला होता. संध्याकाळी मी समाधानात जेवले.

गुरुवारी पत्र आलं. 'फोटो झाले का? एक तुला न सांगता काढला आहे. पडद्यापुढं धुणं धुतानाचा. बारावा. तो बघून मला रोज हसायचं आहे.' मी पत्र हातात घेऊन तशीच निघाले. चपला घातल्या नव्हत्या, रस्ता भाजत होता. वाटेत मला तांबड्या दिव्याची खोली दिसत होती, आणि त्या खोलीत मी इतकी वर्षं काढली होती की काय काय कसं झालं असेल ते मला पायरीपायरीनं माहीत होतं. कोरा कागद थाळीत पडतो. काका थाळी एका कोपऱ्यानं हळू हलवतात. आधी काळं असतं ते उमटतं. केस, भुवया. उघड्या तोंडाची पोकळी. मग हात, वर उचललेले. पदर खोचलेली कंबर. फिकट समुद्र सगळ्यांच्या शेवटी येतो. काकांना पायऱ्या दिसण्याआधी माझं तोंड दिसलं असणार.

काका दारातच भेटले. "येणारच होतो घरी," म्हणाले. खाकी पाकीट दिलं. मी तिथंच मोजले. अकरा. प्रत्येक फोटो काळजीनं छापलेला, उन्हानं करपलेले चेहरे त्यांनी हातानं सावली देऊन सावरले होते. इंद्रभुवनच्या कडेला टांग्याचं एक चाक राहून गेलं होतं तर तेही कापून काढलं होतं. "एक खराब झाला," ते म्हणाले. "उजेड कमी पडला." सगळे फोटो भर उन्हातले होते. उजेड कमी पडावा असा एकच होता. मी त्यांच्या शर्टाच्या गुंड्यांकडं बघत होते. माझ्या तोंडात जीभ होती, आवाज होता, त्याच आवाजानं मी काकीची नक्कल केली होती. "बरं," मी म्हणाले. ते म्हणाले, "ऊन लई हाय, चप्पल घालून जा काकीची." मी काकीच्या चपला घालून घरी आले.

पाकिटात निगेटिव्ह होत्या, बटर पेपरात. बाराच्या बारा. गिऱ्हाइकाची निगेटिव्ह ठेवून घ्यायची नाही, हा काकांचा धर्म होता, आणि त्यांनी तो मोडला नव्हता. मी ती शेवटची पट्टी खिडकीशी धरली. केस पांढरे, चेहरा काळा, दात काळे. म्हातारी झाल्यावर मी कशी दिसेन, तशी. आज आरशात बघते तेव्हा मला तीच दिसते. अव्वानं आंघोळीचा बंब पेटवला होता. मी ती पट्टी कापून त्यात टाकली. क्षणभर वळली, वास आला, संपली. शिवयोगींना लिहिलं, बारावा खराब झाला, उजेड कमी पडला. काकांचं खोटं मी जसंच्या तसं पुढं पाठवलं.

लग्नाआधीचे वीस दिवस मी रोज ठरवायची की आज जाऊन सांगायचं. काय सांगायचं, ते जुळायचं नाही. काका, मी हसले नव्हते, असं? हसले, पण तुम्हाला नव्हते? लग्नात काका सगळीकडं होते, खुर्चीवर चढून, जमिनीवर बसून, घामानं भिजून फोटो काढत. माझ्यावर कॅमेरा धरला की मी खाली बघायची. लोकांना वाटलं, नवरी लाजरी आहे.

मुंबईत आल्यावर आठवड्यानं आम्ही मरीन ड्राइव्हला गेलो. कठडा होता, कठड्याखाली चार बाजूंना हात फुटलेले काळे सिमेंटचे दगड एकमेकांत अडकवून टाकलेले. पाणी त्यांच्यावर आपटून परत जात होतं. शिवयोगी म्हणाले, "बघ, कुठं आहेत पायऱ्या?" मी म्हणाले, मला थंडी वाजते. मे महिना होता. काकांनी काढलेला आमचा मोठा फोटो, जाड पुठ्ठ्यावर लावलेला, ट्रंकेत तळाशी गेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं असतं.

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा काकांनी मला वर स्टुडिओत बोलावलं. आढ्याला तो पडदा सुतळीनं बांधलेला होता. गाठ जुनी दिसत होती, मधे सुटलेली नव्हती. ते कुंचले पुसत होते, माझ्याकडं बघत नव्हते. "जगव्वा, समुद्र बघितलीस न्हवं?" "बघितला." "खाली, पाण्यापाशी काय असतंय?" त्यांनी ते अगदी सहज विचारलं. मला वाटलं, आता. हीच वेळ आहे. खरं सांगायचं, आणि त्याच्याबरोबर ते दुसरंही सांगायचं. पण खरं सांगितलं की ते हसणं खरं ठरत होतं. मी म्हणाले, "पायऱ्या असतात की काका. तुम्ही काढल्यात तशाच. दगडी." "बाया बी?" "व्हय. धुणं धुतात." काकांनी कुंचले बाजूला ठेवले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की मला सोडून दिलं, ते मला आजपर्यंत उमगलेलं नाही. "मग बरं झालं," ते म्हणाले, आणि स्टुलावर चढून त्यांनी ती सुतळी सोडली. त्यानंतर चार वर्षं बाळीवेशीतल्या नव्या जोड्या त्या समुद्रापुढं उभ्या राहिल्या. कुणी शंका काढली की काका म्हणायचे, "माझी पुतणी तितंच ऱ्हाती. तिनं डोळ्यांनी बघितलंय." हे मला काकीनं कौतुकानं पत्रातून कळवलं.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. दुसऱ्या डोळ्यानं आधीच अंधूक दिसायचं. शिवयोगींनीच ओळखीनं मुंबईतल्या डॉक्टरांकडं व्यवस्था केली. त्यांना काका आवडायचे. ते हसणं ते कधीच विसरून गेले होते. ऑपरेशन नीट झालं. शेवटच्या तपासणीला मी बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, आता हिंडाफिरायला हरकत नाही, मोकळी हवा चांगलीच, फक्त ओझं उचलू नका. त्यानंतर काका नऊ दिवस आमच्याकडं होते, आणि त्या नऊ दिवसांत मी पुन्हा जागा निवडत होते. समुद्र दिसणार नाही अशा. राणीच्या बागेत नेलं. म्युझियममध्ये नेलं, बस कुठून वळते ते आधी विचारून घेऊन. दादरच्या फुलबाजारात नेलं. एकदा मनात आलं, अपोलो बंदराला पायऱ्या आहेत, तिथं नेऊन हाच तो म्हणावं. पण काका वाकडी दिव्यांची ओळ शोधतील, हे मला माहीत होतं. ते कुठंच चला म्हणाले नाहीत. रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून तयार बसायचे. "आज कुठं, जगव्वा?" मी जागेचं नाव सांगायची. ते म्हणायचे, "चल."

शेवटचा दिवस रविवार होता. गाडी रात्रीची. दुपारचं जेवण झालं आणि शिवयोगी चप्पल शोधत म्हणाले, "काका, समुद्र बघितला की नाही? अजून वेळ आहे. चला, टॅक्सीनं मरीन ड्राइव्हला जाऊन येऊ. तुमचा पडदा ताडून बघा." मी गाडीतल्या डब्यासाठी परातीत पीठ घेतलं होतं. हात पिठातच राहिले.

"नको जावईबापू," काका म्हणाले. "डाक्टर नको म्हणालाय. खारं वारं बाधतंय म्हणं डोळ्याला. टाके कच्चे हायती."

शिवयोगी माझ्याकडं वळले. "असं म्हणाले डॉक्टर? तू होतीस ना तिथं?"

काकांनीही माझ्याकडं तोंड केलं. एका डोळ्यावर हिरवा कपडा होता. दुसऱ्यानं त्यांना मी अंधूक दिसत असेन, एक आकार. ते वाट बघत होते, पण घाई करत नव्हते. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, चला काका, पायऱ्यांचं मी खोटं बोलले होते. एवढेच शब्द होते. टॅक्सीनं अर्धा तास लागला असता.

"हो," मी म्हणाले. "तसंच म्हणाले."

काकांनी मान हलवली. त्यांनी आपली कापडी पिशवी जवळ ओढली आणि चाचपत तिचं तोंड बांधायला घेतलं. गाठ बसत नव्हती. दोनदा सुटली. मी परातीपुढून उठले नाही.